आवाज बाईचा, नाव भाऊचं

आमच्या गोंदिया जिल्ह्यात निवडणुकीच्या दिवसांत तुम्ही कधी आला असाल, आणि भर दुपारी धानाच्या बांध्यांमधून एखादा ऑटो धूळ उडवत गेला असेल, वरच्या भोंग्यातून एक बाई "माता-भगिनींनो, विसरू नका" म्हणून विनवत असेल, तर ती बाई मी. चेहरा माझा कोणी पाहिला नाही. आवाज मात्र तिरोड्यापासून देवरीपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा.

भाजीबाजारात एकदा मी वांगी घेत होते. "पाव किलो दे, किडकी घालू नको" एवढंच म्हटलं, तर भाजीवाली तराजू तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिली. "माय वं! तुमी त भोंग्यातल्या बाई! आता सांगूनच टाका, मत कोणाले देऊ?"

मी म्हटलं, "बाई, मी दोघांचंही सांगून ठेवलं आहे. तू तुझं पाहा."

खरंच सांगून ठेवलं होतं. या धंद्यात पक्ष नसतो. जो येईल त्याचं नाव घ्यायचं. एकदा तर गोंदियाच्या एका चौकात समोरासमोरून दोन ऑटो आले, दोन विरोधी उमेदवारांचे, आणि दोन्हींतून मीच. एकीकडे मी म्हणत होते, "भूलथापांना बळी पडू नका," दुसरीकडे मीच भूलथापा देत होते. पानठेल्यावरची माणसं पोट धरून हसत होती. मी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी होते, कोणाला पत्ता नाही.

मी मूळची सौंदडची. लग्न होऊन गोंदियात आले. आमच्या वॉर्डातल्या शारदोत्सवात माईक हातात घेऊन "ज्यांचं लेकरू हरवलं त्यांनी स्टेजकडे यावं" एवढं बोलले होते, ते मुन्नाभैयाने ऐकलं. मुन्नाभैयाचं बाजारात टेपचं दुकान, आणि दुकानामागे एक कोंदट खोली. तिला तो स्टुडिओ म्हणायचा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला घोंगडी. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो. घामाच्या धारा लागायच्या. समोर गरम पाण्याचा ग्लास, हातात चार ओळींचा कागद.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय, नाव घ्यायचं आणि मत मागायचं. तसं नाही. ऑटो पळत असतो. घरातल्या माणसाच्या कानावर तुमचं एखादंच वाक्य पडतं. म्हणून प्रत्येक वाक्यात नाव आलं पाहिजे, आणि वाक्य कुठूनही ऐकलं तरी पुरं वाटलं पाहिजे. ओरडायचं नाही, ओरडायला भोंगा आहे. आपण हसत बोलायचं. मुन्नाभैया घोंगडीमागून सांगायचा, "भाभीजी, मुस्कुराओ. आवाज में दिखता है." अंधाऱ्या खोलीत, घामाने निथळत, मी भिंतीवरच्या गादीकडे पाहून हसायची.

मी त्याला विचारलं होतं, सगळ्यांना बाईचाच आवाज काऊन पाहिजे? तो म्हणाला, "मर्द बोले तो लोग खिडकी बंद कर लेते हैं. औरत बोले तो औरतें बाहर आती हैं. और वोट तो वोही देती हैं ना."

आमच्याकडे बायका मतदानाला रांगा लावतात हे खरंच. पण मी तीसेक वर्षं नावं घेतली, आणि विधानसभेच्या निवडणुकीत सगळी बाप्यांची. वकील, ठेकेदार, मिलवाले, मास्तर, मास्तरांचे मुलगे. "आपल्या लाडक्या भगिनींचा हक्काचा भाऊ." या भगिनींमधली एखादी स्वतःच उभी राहील, असं त्या चार ओळी लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसेल. माझ्या डोक्यात तरी कुठे आलं होतं!

मग पंचायतीत आणि जिल्हा परिषदेत बायकांच्या जागा ठरल्या आणि नवरे मंडळी बायकांची नावं घेऊन आमच्या खोलीत यायला लागली. त्यातलाच एक डोमाभाऊ. तिरोडा भागातला धानवाला शेतकरी, अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. सोबत बायको, पारबताताई. डोक्यावर पदर, नजर पायांवर.

डोमाभाऊ म्हणाला, "नाव हिचं घ्या बाई, पण माझं जरा जोरात घ्या."

मी म्हटलं, "भाऊ, उभं कोण आहे?"

"उभी ते हाये. निवडून मी येऊन राहिलो."

हे तो गंमत म्हणून बोलला नाही. त्याला ते सरळच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फार वाकडं वाटलं नाही. सगळेच तसं करायचे. तो म्हणाला तसं मी केलं. "डोमाभाऊ यांच्या पत्नी सौ. पारबताताई." पत्नी हा शब्द घसरत घ्यायचा, भाऊ हा शब्द ठासून. पारबताताई पूर्णवेळ कोपऱ्यात बसून होती. जाताना दारात मागे वळली आणि हळूच विचारलं, "बाई, हा भोंगा माझ्या माहेराच्या गावात बी जाईन का?"

"जाईल की. मतदारसंघात असेल तर जाईल."

"जाऊ द्या मंग," म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

ती जिल्हा परिषदेवर निवडून आली. पहिल्या बैठकीला डोमाभाऊ तिच्यासोबत गेला. त्याला आत घेतलं नाही, तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. दुसऱ्या बैठकीलाही गेला. तिसऱ्या वेळी म्हणे ती एकटी बस धरून गेली, कारण त्याचा धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, सुरू होता. तेव्हापासून एकटीच जायला लागली.

पुढे काही वर्षांनी एका महिला मेळाव्यात सूत्रसंचालनाला मला बोलावलं होतं. भोंग्याचा हंगाम नसला की मी अशी कामं करायची. स्टेजवर पाटबंधाऱ्याचे, म्हणजे नहर-कालव्यांचे, एक साहेब होते. पारबताताईचं नाव मी पुकारलं, वाटलं, चार शब्द आभाराचे बोलून बसेल. ती माईकजवळ आली, पदर खांद्यावर, नजर सरळ साहेबांकडे.

"साहेब, नहराचं पाणी तुमच्या कागदावर आमच्या गावात येते. आमच्या बांधीत येत नाई. वरची गावं भिजतात, शेवटची सुकतात. दर साली धान पोटरीवर आलं का आमी बाया घागरी घेऊन धुऱ्यावर जातो. घागरीनं कधी धान पिकलं का?"

साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण नहर फुटला आहे जागोजागी, आणि तो बांधायचा पैसा जिल्ह्याच्या हातात नाही. हे वर, विधानसभेत कोणीतरी मांडलं पाहिजे."

"मंग कोण मांडन?"

"तुमचे आमदार."

"ते त नाई मांडत. मंग मीच जाईन मांडाले."

मंडपात हशा पिकला. साहेब हसले, पुढच्या रांगेतले पुढारी हसले, मीही माईकवर काहीतरी गोड बोलून वेळ निभावली. पारबताताई हसली नाही. खाली जाऊन आपल्या खुर्चीवर बसली आणि पाण्याची बाटली उघडून प्याली.

विधानसभेची निवडणूक जवळ आली तेव्हा बातमी फिरली की पारबताताईंचं नाव पक्षात सगळ्यात वर आहे. बातमी खोटी नव्हती. पक्षाच्या कार्यालयात तिला बोलावलं होतं, फोटो काढून घेतला होता, "कामाला लागा" म्हणून सांगितलं होतं. ती लागली. धानाच्या हंगामात सकाळी शेतातलं उरकून ती दुपारी गावं फिरायची. सौंदडकडून माझी भावजय सांगत आली, "तुमची ते पारबताबाई आमच्या नातेवाइकांच्या गावात येऊन गेली. चटईवर बसली, चहा प्याली, आन एकच बोलली, मले पाणी मांडाचं हाये."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिकीट जाहीर होतं तेव्हा प्रचाराला दिवस फार थोडे उरलेले असतात, आणि सगळे उमेदवार एकदमच धावत येतात. म्हणून मुन्नाभैया आधीच ज्यांची ज्यांची नावं चर्चेत आहेत त्या सगळ्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवायचा. तिकीट मिळेल त्याचं द्यायचं, बाकीचं पुसायचं. तोवर टेप जाऊन पेनड्राइव्ह आले होते. ते इवलेसे, सगळे सारखे दिसायचे. म्हणून तो प्रत्येकाला पक्षाच्या रंगाचा दोरा बांधून खिळ्याला टांगायचा. रंग पाहायचा, काढून द्यायचा. सोपं काम.

पारबताताईचं रेकॉर्डिंग करायला डोमाभाऊच घेऊन आला. केस पांढरे झाले होते, आवाजही खाली आला होता. मी सवयीने विचारलं, "तुमचं नाव कुठे घ्यायचं, भाऊ?"

तो म्हणाला, "माझं राहू द्या. फक्त तिचं घ्या. तिलेच ओळखतात आता."

मी गादीकडे तोंड करून बसले. पंखा बंद झाला. "शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचवण्यासाठी, पारबताताई. आपल्या घरातली, आपल्या शेतातली, आपली पारबताताई." एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा हसावं लागलं नाही, हसू आपोआप आलं. मुन्नाभैयाने ते परत लावून ऐकवलं. पारबताताई त्याच कोपऱ्यात बसली होती. स्वतःचं नाव ऐकून तिने पदर सारखा केला, नीट बसली, जणू कोणी तिला हाक मारली आहे.

"अजून एक बार लावा न," म्हणाली.

त्याच दुपारी, त्याच ग्लासातल्या पाण्यावर, मी त्याच पक्षाच्या आणखी एका इच्छुकाचं नाव घेतलं. त्यांची राईस मिल होती, म्हणून त्यांना सगळे मिलवाले भाऊ म्हणायचे. पक्ष एक, म्हणून दोरा एकाच रंगाचा. दोन्ही एकाच खिळ्याला टांगले गेले.

तिकीट मिलवाल्या भाऊंना मिळालं. डोमाभाऊने मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज रडका झाला होता. वरून आलेले पुढारी म्हणाले होते, "ताई कामाच्या आहेत, वादच नाही. पण विधानसभा मोठा खेळ आहे. बाईमाणूस कुठे कुठे धावेल? पुढच्या वेळी नक्की पाहू." मी विचारलं, ताई काय म्हणाल्या? "ते त इळा घेऊन कापणीले गेली."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ना ती माझी नात्याची, ना पक्षाची. पण तिचं नाव मी घेतलं होतं, आणि ते चांगलं निघालं होतं. गायकाला आपलं गाणं कळतं म्हणतात, तसं मला कळलं होतं.

प्रचार सुरू झाला. मिलवाल्या भाऊंचे ऑटो निघाले. त्यातला एक ऑटो लखनचा. लखन आमचा जुना माणूस, देवरीकडचा, कामाला इमानी. पण भोंग्याखाली दिवसभर बसणाऱ्याचे कान जातात, म्हणून हे सगळे ऑटोवाले कानात कापूस कोंबून बसतात. आपण काय वाजवत चाललो ते त्यांना ऐकू येत नाही, नुसती सीट हादरते. सकाळी दुकानात गर्दी होती. मुन्नाभैयाने दोरा पाहिला आणि खिळ्यावरचा पेनड्राइव्ह काढून लखनच्या हातात ठेवला.

पुढचं मला लखनने सांगितलं, आणि नंतर पारबताताईनेही.

ऑटो पहिल्या गावात शिरला. लखनला वाटलं, आज लोक फार खूश दिसून राहिले. बाया दारात येत होत्या, हात हलवत होत्या. एरवी मिलवाल्या भाऊंच्या नावाला कोणी मान वर करत नाही. शेतात धान कापणाऱ्या बाया कापल्या धानाच्या कडपा सोडून, इळा हातात घेऊन रस्त्यालगतच्या धुऱ्यावर धावत आल्या. एकीने त्याला थांबवून शेंगदाण्याचा लाडू दिला. लखन लाडू खात पुढे निघाला. असं करत करत तो गावामागून गाव वाजवत दुपारी पारबताताईच्या गावात पोचला.

पारबताताई अंगणात सूप घेऊन बसली होती. आधी तिला वाटलं, आपल्यालाच भास होऊन राहिला. मग शेजारच्या बाया धावत आल्या. "काय वं पारबता, तू उभी हायेस आन आमाले सांगतलं बी नाई?" एकीने तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. एक म्हातारी तर कुंकवाची डबी घेऊनच आली.

ती उठून रस्त्यावर गेली आणि ऑटोसमोर उभी राहिली. लखनने ब्रेक मारला. तिला पाहून त्याने कानातला कापूस काढला, आणि मग त्याला ऐकू आलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "ताई, चुकलं, माझ्या आईची शपथ चुकलं. बंद करतो."

ती म्हणाली, "थांब गा. लागलंच हाये त पुरं होऊ दे."

ते पुरं झालं. भर रस्त्यात, बायांच्या घोळक्यात, माझा आवाज शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचवायला निघाला होता, आणि पारबताताई हात बांधून ऐकत होती. संपल्यावर ती बायांकडे वळली.

"मी उभी नाई. याच्या हातून चूक झाली."

कुंकवाची डबी घेतलेली म्हातारी म्हणाली, "काऊन नाई? आमी हावो न सगळ्या!"

पारबताताई मला पुढे कधीतरी म्हणाली, "बाई, तिकीट नाई भेटलं त्याचं मले एवढं नाई लागलं. पण त्या बुढीनं कायले विचारलं असं?" आणि मग, पहिल्यांदाच माझ्यासमोर, ती रडली.

त्या दुपारी लखनला तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "जा, तुझं काम कर. पण पुढच्या गावात दुसरं लाव."

दुकानात मोठा तमाशा झाला. मिलवाल्या भाऊंची माणसं आली, हे मुद्दाम केलं म्हणून मुन्नाभैयाची गचांडी धरली. मुन्नाभैया गयावया करत, ताईंचं पुसायचं राहून गेलं म्हणत दोरे दाखवत राहिला, "भैया, पार्टी एक तो धागा भी एक, मैं क्या करूँ!" शेवटी मिलवाले भाऊ निवडून आले आणि सगळे विसरले. नहर वर कोणी मांडला असेल तर माझ्या कानावर आलं नाही, आणि माझे कान तिकडेच लागलेले होते. ती "पुढची वेळ" काही आली नाही. उलट जिल्हा परिषदेची तिची जागा सोडतीत बायकांची राहिली नाही, तेव्हा पक्ष म्हणाला, "आता बाप्यांची बारी." पारबताताई घरी बसली.

मला राग येतो. मिलवाल्या भाऊंचा येतो, वरून येणाऱ्यांचा येतो, आणि त्या मंडपातल्या हशाचा तर अजून येतो. तीस वर्षं त्यांना बाईचा आवाज लागला. प्रत्येकाला लागला. बाई नाही लागली.

आता माझा गळा गेला आहे. डॉक्टर म्हणाले, बाई, फार ताणलंत. काही वाटून घेत नाही, कारण आता माणसाच्या गळ्याची गरजच उरली नाही. मुन्नाभैया सांगत होता की माझं जुनं रेकॉर्डिंग मशीनला ऐकवलं की मशीन माझ्याच आवाजात पाहिजे ते नाव घेते. हसतेही म्हणे.

आणि मधे ती बातमी आली. लोकसभेत नि विधानसभेत बायकांना तिसरा हिस्सा देणारा कायदा झाला. लागू केव्हा होईल ते होईल, आधी जनगणना, मग मतदारसंघांची नवी आखणी असं म्हणतात. मी टीव्हीसमोर बसले आणि पहिली आठवण पारबताताईचीच आली. तिला फोन करणार, तर माझाच फोन वाजला. मिलवाले भाऊ!

"बाई, ओळखलं का? आपली सीट बाईची होईन असं वाटून राहिलं. आपण घरचंच उभं करू म्हणतो, सुनेला. जरा नाव घेऊन पाहा न, आवाजात कसं बसते."

मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "भाऊ, माझा गळा गेला."

"अरे, तुमचा आवाज आहे न मुन्नाजवळ. तुमची फक्त परवानगी."

"नाव काय सुनेचं?"

भाऊ म्हणाले, "आम्ही सुनबाईच म्हणतो. कागदावर काय आहे ते विचारून सांगतो." आणि त्यांनी आत हाक मारली. सुनेला नाही, मुलाला.

मी परवानगी न देताच फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पारबताताईकडे गेले. ती खाटेवर बसून होती, गुडघ्यांना तेल लावत. डोमाभाऊ चहा करत होता. मी सगळं सांगितलं, कायद्याचं, फोनचं, सुनेचं. वाटलं, चिडेल, मिलवाल्याच्या नावाने बोटं मोडेल. मी तर त्यासाठीच गेले होते म्हणा ना, दोघींनी मिळून मोडायला.

ती गुडघा चोळत राहिली. मग विचारलं, "पोरगी कशी हाये? बोलते का?"

"काय माहीत. तिचं नावही सासऱ्याला सांगता आलं नाही."

"मी बी नवती बोलत," पारबताताई म्हणाली. तेलाची वाटी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले. "तिले सांगा, इकडे येऊन जाय म्हणा एक बार. घरच्याइले नको आणू, एकटीनं ये. नहर कुठी कुठी फुटला हाये ते मी पायानं चालून दाखवीन. वर कसं मांडाचं ते बी सांगीन. मी सारं तयार करून ठेवलं होतं, बाई. कोणाच्या तरी कामी येऊ दे."

मी म्हटलं, देते निरोप. नक्की देते.

घरी येऊन फोन हातात घेतला, तेव्हा लक्षात आलं. माझ्याकडे नंबर सासऱ्याचाच आहे.